आकडे नसलेला आलेख

३ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी दिल्लीत संशोधन, विकास आणि नवोन्मेष यांसाठीच्या एक लाख कोटी रुपयांच्या निधीचा आरंभ झाला. खासगी उद्योगांनी संशोधनात अधिक पैसा घालावा म्हणून त्यांना दीर्घ मुदतीचे, अल्प व्याजाचे किंवा बिनव्याजी अर्थसाहाय्य उपलब्ध करून देणारी ही योजना. त्याच आठवड्यात माझ्या जुन्या प्रयोगशाळेतील एका विद्यार्थिनीचा संदेश आला. तिचा पीएच.डी.चा प्रबंध सादर झाला आहे. एका हातात हैदराबादच्या औषध कंपनीचे नेमणूकपत्र आहे, दुसऱ्या हातात जर्मनीतील विद्यापीठाकडून पोस्ट-डॉक्टरेटसाठी आलेली विचारणा. तिने एकच वाक्य लिहिले होते : “ताई, कंपनीत गेले तर मी शास्त्रज्ञ राहीन का?”

एक लाख कोटींच्या बातमीपेक्षा हे वाक्य माझ्या मनात अधिक काळ राहिले. चौदा वर्षांपूर्वी मीही स्वतःला हाच प्रश्न विचारला होता. तिला मी दोन ओळींत उत्तर देऊ शकले असते, पण ते खोटे ठरले असते. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

२०११ च्या डिसेंबरात, पुण्यातील एका राष्ट्रीय प्रयोगशाळेत, मी माझ्या मार्गदर्शक सरांच्या खोलीत जाऊन सांगितले, की मी हैदराबादच्या एका कंपनीत रुजू होत आहे. कारणे साधी होती. बाबांची निवृत्ती दोन वर्षांवर आली होती, धाकट्या भावाचे शिक्षण बाकी होते, आणि शिष्यवृत्तीचे पैसे चार-चार महिने उशिरा येण्याचा मला कंटाळा आला होता. सर काही क्षण गप्प राहिले. मग टेबलावरचा माझा प्रबंध सरळ करून ठेवत म्हणाले, “बरं. पगार चांगला असेल.”

त्यांनी टोमणा मारला नव्हता. त्यांना खरोखरच दुसरे काही सुचले नसावे. तरी ते वाक्य मला पुढे बरीच वर्षे पुरले. जणू मी विज्ञान सोडून पगाराकडे निघाले होते, आणि मलाही ते तसेच वाटत होते.

ही भिंत आपल्याकडे फार जुनी आहे असे मात्र नाही. प्रेसिडेन्सी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणारे, मर्क्युरस नायट्राइटवर शोधनिबंध लिहिणारे आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनीच बेंगॉल केमिकल्सची स्थापना केली. १९०१ मध्ये तिची रीतसर कंपनी झाली. मुंबईत १९३३ मध्ये सुरू झालेला रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग, म्हणजे आपल्या जुन्या परिचयाचे ‘यूडीसीटी’, उद्योगांशी नाते ठेवूनच वाढला. तेथील प्रा. मनमोहन शर्मा वायू आणि द्रव यांच्यातील अभिक्रियांवर मूलभूत संशोधन करत, आणि कारखान्यांना सल्लाही देत. १९९० मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले, तेव्हा कारखान्यातील प्रश्नांमुळे त्यांचे विज्ञान उणे झाले, असे कोणी म्हटले नाही. त्याच संस्थेत शिकलेल्या आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून पीएच.डी. झालेल्या के. अंजी रेड्डी यांनी १९८४ मध्ये स्वतःची औषध कंपनी काढली. म्हणजे वाट होती. माझ्या पिढीपर्यंत येता येता तिच्यावर गवत उगवले होते, एवढेच.

हैदराबादला माझे काम होते प्रक्रिया-विकासाचे, ज्याला सगळे ‘स्केल-अप’ म्हणतात : प्रयोगशाळेतील काचेच्या चंबूत जमलेली अभिक्रिया कारखान्यातील पोलादी रिॲक्टरमध्ये जमवून दाखवणे. पीएच.डी.च्या गर्वात मला वाटले होते, की हे म्हणजे चौघांच्या आमटीच्या कृतीने लग्नाची पंगत उठवण्यासारखे असणार. सगळे जिन्नस पटीत वाढवायचे. पहिल्याच प्रकल्पाने तो गर्व उतरवला.

पदार्थाचे नाव मी येथे लिहू शकत नाही, आणि आकडेही ढोबळच देते. एका विद्रावात दुसरा विद्राव शून्य ते पाच अंश सेल्सिअस तापमानाला थेंबाथेंबाने मिसळायचा होता. अभिक्रियेतून बरीच उष्णता निघत असे. अडीचशे मिलिलिटरच्या चंबूत, खाली बर्फ ठेवून, हे काम वीस मिनिटांत होई. अडीच हजार लिटरच्या रिॲक्टरमध्ये त्याला सहा-सात तास लागू लागले.

कारण शाळेतल्या भूमितीत आहे. आकारमान दहा हजार पट झाले, की लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी सुमारे साडेएकवीस पट होतात. पृष्ठभाग लांबीच्या वर्गाने वाढतो, आकारमान घनाने. त्यामुळे प्रत्येक लिटर द्रवाच्या वाट्याला येणारी थंड भिंत साडेएकवीस पटींनी कमी होते. उष्णता बाहेर पडायला जागा उरत नाही. म्हणून विद्राव अगदी हळू सोडावा लागतो. आणि हळू सोडला, की तयार झालेला पदार्थ तासन्‌तास त्याच क्षारधर्मी द्रवात पडून राहतो आणि दुसऱ्या रेणूशी जोडला जाऊन एक नको असलेली अशुद्धी तयार करतो.

विद्यापीठात अठ्ठ्याण्णव टक्के शुद्ध पदार्थ मिळाला तर आम्ही चहा पाजत असू. औषधाच्या जगात गणित निराळे असते. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार नेहमीच्या मात्रेच्या औषधात एखादी अनोळखी अशुद्धी ०.१० टक्क्याच्या वर गेली, की ती कोण आहे हे ओळखून सांगावे लागते. आणखी थोडी वाढली, की ती निरुपद्रवी असल्याचे सिद्ध करावे लागते. आमची अशुद्धी कधी ०.०८ येई, कधी ०.३. का, ते कोणालाच कळत नव्हते.

ते कळले एका ज्येष्ठ ऑपरेटरमुळे. पंचवीस वर्षे त्याच शेडमध्ये काम केलेले हे गृहस्थ दहावीच्या पुढे शिकलेले नव्हते. एके दिवशी चहाच्या वेळी ते सहज म्हणाले, “मॅडम, रात्रीच्या पाळीचा माल स्वच्छ असतो.” आधी मी ते हसण्यावारी नेले. मग दीड डझन बॅचच्या नोंदी काढून बसले. दिवसा सगळे रिॲक्टर एकाच शीतकरण-यंत्रावर चालत, त्यामुळे जॅकेटमधले ब्राइन हवे तितके थंड राहत नसे, आणि मिसळण्याचे काम लांबे. रात्री निम्मे रिॲक्टर बंद असत. ब्राइन अधिक थंड राही, काम लवकर उरके. मी एका अक्षावर मिसळण्याचा वेळ घेतला, दुसऱ्या अक्षावर अशुद्धी. ठिपके जवळजवळ सरळ रेषेत उभे राहिले. त्या रात्री अकरा वाजता, रिकाम्या कार्यालयात, तो आलेख पाहताना मला जे वाटले ते पीएच.डी.च्या पाच वर्षांत फार तर दोनदा वाटले होते.

उत्तर मिळायला पुढे चौदा महिने लागले. मोठ्या भांड्याऐवजी दोन्ही विद्राव एका बारीक, थंड नळीत अखंड प्रवाहात एकत्र आणायचे. मिनिटभराच्या आत अभिक्रिया संपवायची आणि पदार्थ लगेच बाहेर काढायचा. बारीक नळीत प्रत्येक थेंबाला भिंत जवळ असते. ही कल्पना माझी नव्हती. देशातील आणि परदेशांतील विद्यापीठांनी अखंड-प्रवाही रसायनशास्त्रावर प्रसिद्ध केलेले शोधनिबंध मी वाचले होते. आमच्या पदार्थावर ती लागू करताना नळी तुंबते कोठे आणि का, हे मात्र आम्हीच शोधून काढले होते, आणि ते तोवर मला कोणत्याही नियतकालिकात आढळले नव्हते.

ते लिहावे, असे मला फार वाटले. व्यवस्थापनाने शांतपणे समजावले, की पेटंट घ्यायचे तर पद्धत जगाला सांगावी लागते, आणि संरक्षण मिळते वीस वर्षे. गुपित ठेवले, तर ते फुटेपर्यंत आपलेच. त्यांनी गुपित निवडले. व्यवसाय म्हणून तो निर्णय चुकीचा होता, असे मी आजही म्हणणार नाही. पण ज्या शोधनिबंधांच्या आधारावर मी उभी होते ते कोणीतरी उघडपणे लिहिले होते. आणि मी जे शिकले ते मला उघडपणे परत करता आले नाही. कंपनीतील नोकरीची खरी किंमत मला विचाराल तर ती ही आहे. पगाराच्या तक्त्यात ती कोठेच दिसत नाही.

पुढे मी नव्या औषधांचा शोध घेणाऱ्या गटात गेले. भारतातच शोधलेले आणि भारतातच बाजारात आलेले एक नवे रासायनिक औषध, सारोग्लिटाझार, २०१३ मध्ये आले होते आणि वातावरणात उमेद होती. आमचा एक रेणू तीन वर्षांच्या कामानंतर प्राण्यांवरील विषाक्तता-चाचणीपर्यंत पोहोचला. अठ्ठावीस दिवसांच्या अभ्यासात उंदरांच्या यकृतावर परिणाम दिसला. बैठक चाळीस मिनिटे चालली. दुसऱ्या दिवशी आमच्या वह्या जमा झाल्या आणि गट तीन वेगवेगळ्या प्रकल्पांत वाटला गेला.

तेव्हा मी रडले, हे कबूल करते. आज त्या बैठकीबद्दल मला आदरही वाटतो. विद्यापीठात असा प्रश्न सहसा कोणी थांबवत नाही. तो नाव बदलून पुढच्या अनुदानात जातो, आणि कधीकधी दहा वर्षांनी त्यातूनच काही अनपेक्षित निघते. उद्योगात तो उत्तराच्या दोन पावले अलीकडे बंद पडू शकतो. पहिल्या ठिकाणी चुकीच्या प्रश्नात आयुष्य जाण्याचा धोका आहे, दुसऱ्या ठिकाणी योग्य प्रश्न हातातून काढून घेतला जाण्याचा. कोणता धोका आपल्याला सोसवेल, हे प्रत्येकाने आपल्या स्वभावाला विचारावे.

माझी जिवलग मैत्रीण, त्याच प्रयोगशाळेतील, दुसऱ्या वाटेने गेली. परदेशात दोन पोस्ट-डॉक्टरेट, परत आल्यावर दोन वर्षे तात्पुरते काम, आणि सदतिसाव्या वर्षी सहायक प्राध्यापकपद. तिने निवडलेला प्रश्न तिचा स्वतःचा आहे, आणि तो सुंदर आहे. त्यासाठी लागणारे एक उपकरण खरेदीच्या नस्तीत पावणेदोन वर्षे अडकले. ती मला म्हणते, “तुझ्याकडे यंत्र सोमवारी मागितलं की शुक्रवारी सुरू.” मी तिला म्हणते, “आणि तुझ्या विद्यार्थिनीला तुझी वही वाचता येते.” दिवाळीत भेटलो की हा संवाद दर वर्षी होतो, आणि दर वर्षी आम्ही दोघी एकमेकींचा थोडा हेवा करून परततो.

२०२० मध्ये मी परतीचा प्रयत्न केला. आईचे आजारपण होते, आणि शिकवण्याची जुनी ओढही. एका शिक्षणसंस्थेने मुलाखतीला बोलावले. प्रश्न सौजन्याने विचारले गेले. “गेल्या आठ वर्षांत शोधनिबंध किती?” मी म्हणाले, “दोन.” समितीतील एक सदस्य माझ्या अर्जाची पाने उलटत म्हणाले, “म्हणजे या काळात आपण संशोधनात नव्हता.” संशोधनात होते, प्रकाशनात नव्हते, हे उत्तर मला परतीच्या गाडीत सुचले. निवड झाली नाही. पण माझी त्या समितीवर रागवण्याची इच्छा नाही. त्यांच्यापुढे मोजपट्टी एकच होती, आणि माझी आठ वर्षे त्या पट्टीवर मावत नव्हती.

आता बातमीकडे परत येते. २०२०-२१ या वर्षी भारताने संशोधन आणि विकासावर सुमारे १ लाख २७ हजार कोटी रुपये खर्च केले. देशाच्या सकल उत्पन्नाच्या ०.६४ टक्के. त्यात खासगी उद्योगांचा वाटा होता ३६ टक्क्यांच्या आसपास. अमेरिका, चीन, दक्षिण कोरिया येथे उद्योगांचा वाटा सत्तर टक्क्यांहून अधिक आहे. या आकड्यांचा विद्यार्थ्यांसाठी अर्थ सरळ आहे : आपल्याकडे दर वर्षी जितके पीएच.डी. तयार होतात, त्यांना सामावण्याइतक्या प्राध्यापकीच्या जागा नाहीत, आणि उद्योगांत खऱ्या संशोधनाच्या जागा त्याहून दुर्मीळ आहेत. नवा निधी प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या तंत्रज्ञानाला तेथून पुढे, बाजारापर्यंत नेण्यासाठी आहे. त्याने दुसऱ्या प्रकारच्या जागा वाढल्या तर आनंदच आहे.

परंतु पैशाइतकीच गरज आहे ती दोन्ही बाजूंनी उघडणाऱ्या दाराची. जेथे ते उघडते, तेथे काय होते हे आपण पाहिले आहे. आयआयटी मुंबईतील प्रा. राहुल पुरवार यांची प्रयोगशाळा, टाटा स्मारक रुग्णालयाचे डॉक्टर आणि आयआयटीच्याच आवारात वाढलेली ‘इम्युनोॲक्ट’ ही कंपनी यांच्या एकत्र कामातून रक्ताच्या काही कर्करोगांवरील ‘नेक्सकार१९’ ही पेशी-उपचारपद्धती उभी राहिली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला परवानगी मिळाली. कातालिन कारिको यांना अमेरिकेतील विद्यापीठात वर्षानुवर्षे मानाची जागा मिळाली नाही. २०१३ मध्ये त्या एका जर्मन कंपनीत गेल्या, आणि २०२३ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ या पदासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. उद्योगातील अनुभवी व्यक्तीला पीएच.डी. किंवा शोधनिबंधांच्या अटीशिवाय शिकवता येते. पण ते पद तात्पुरते आहे, अनुभवाची अपेक्षा किमान पंधरा वर्षांची आहे, आणि मधल्या वयात परत येऊ पाहणाऱ्यांसाठी त्यात जागा नाही. दार किलकिले झाले आहे, असे फार तर म्हणता येईल.

गेल्या वर्षी सरांचा निवृत्ती-समारंभ झाला. जुन्या विद्यार्थ्यांनी आपापल्या कामावर वीस मिनिटे बोलावे, असे ठरले. मी कंपनीची लेखी परवानगी घेतली आणि तो रात्री अकराचा आलेख दाखवला. अट अशी होती, की पदार्थाचे नाव नको आणि अक्षांवर आकडे नकोत. पडद्यावर दोन रेषा होत्या, दीड डझन ठिपके होते, बाकी काही नाही. पहिल्या रांगेतून सरांनी, पूर्वी प्रगती-बैठकीत विचारत तसेच, विचारले, “अक्षांवर आकडे का नाहीत?”

मी म्हणाले, “ते कंपनीचे आहेत, सर.”

सभागृहात थोडे हसू उमटले. सर हसले नाहीत. ते पुढे वाकून पडद्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “ठिपके खरे आहेत ना? मग सांग, सुरुवातीचे तीन रेषेच्या खाली का?” त्यानंतरची पंधरा मिनिटे आम्ही दोघेच बोलत होतो, चौदा वर्षे मध्ये गेलीच नाहीत असे. चहाच्या वेळी त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले, की यांत्रिकी मिसळण्याचा परिणाम मी पुरेसा तपासलेला नाही. त्यांचे बरोबर होते.

म्हणून त्या विद्यार्थिनीला माझे उत्तर असे : राहशील. रिॲक्टरपुढे आणि चंबूपुढे विज्ञान तेच असते, आणि ०.१० टक्क्याची रेषा कोणत्याही परीक्षकापेक्षा कठोर असते. फक्त काय देऊन काय घेतेस, ते सही करण्यापूर्वी जाणून घे.

कंपनीला विचार, की काम नवे शोधण्याचे आहे, प्रक्रिया बसवण्याचे, की दुसऱ्याने पाठवलेल्या कृतीप्रमाणे पदार्थ करून देण्याचे. ‘आर अँड डी’ या पाटीखाली आपल्याकडे तिन्ही चालतात, आणि तिन्ही प्रामाणिक कामे आहेत, पण त्यांतून तयार होणारी माणसे वेगवेगळी. पेटंटचा अर्ज झाल्यावर निबंध लिहू देतात का, आणि त्या गटाने गेल्या पाच वर्षांत किती लिहिले, ते पाहा. पेटंटची मालकी कंपनीकडे गेली, तरी शोधक म्हणून आपले नाव नोंदवले जावे अशी तरतूद आपल्या कायद्यात आहे. ती सोडू नकोस. प्रकल्प बंद झाल्यावर माणसांचे काय होते, हेही विचार. आणि जर्मनीच्या प्राध्यापकांना विचार, की त्यांच्याकडून गेलेले पाच-सहा जण आज कोठे आहेत आणि तुझ्या जागेचा निधी किती वर्षांचा आहे. दोन्हीकडे, जो प्रश्न ऐकून समोरचा अवघडेल, तोच महत्त्वाचा समज.

आणखी एक. जेथे जाशील तेथे पहिल्या महिन्यात रात्रपाळीच्या लोकांशी ओळख कर.

तिचे अजून ठरलेले नाही. काल तिने मुलाखतीत विचारायच्या प्रश्नांची यादी पाठवली. त्यात माझे पाच आहेत आणि तिचे स्वतःचे चार. तिचे अधिक चांगले आहेत. तुमच्यापैकी जे या वळणावरून एकीकडे वा दुसरीकडे गेले, आणि विशेषतः जे परत येऊ शकले, त्यांनी आपला अनुभव खाली अवश्य लिहावा. ती वाचणार आहे.